अतिवृष्टीच्या मुलखातील कोरड्या विहिरी
पेडणे व डिचोली तालुक्यांतील भूजलाचा अभ्यास

गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावी तो ४०० मिलिमीटरच्या आसपास असतो. असे असूनही पेडणे व डिचोली तालुक्यांतील कित्येक वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत विहिरीचा तळ दिसू लागतो आणि टँकरची वाट पाहावी लागते. हिवरे बाजार मात्र पाण्याचा ताळेबंद मांडून पीक ठरविणारे गाव म्हणून देशभर ओळखले जाते. ही विसंगती केवळ माणसांच्या दक्षतेची वा बेफिकिरीची नाही. जमिनीखालचे पाणी कोठे साठते, किती काळ टिकते आणि कोणत्या वाटेने निघून जाते, हे समजून घेतल्याखेरीज तिचा उलगडा होत नाही.

दुष्काळ म्हणजे पाऊस न पडणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अभ्यासक मात्र दुष्काळाच्या पायऱ्या मानतात. प्रथम पाऊस कमी पडतो, नंतर मातीतील ओल सरते, त्यानंतर ओढे-नाले आटतात आणि सर्वांत शेवटी विहिरींची पातळी खाली जाते. आकाशातील अवर्षण विहिरीपर्यंत पोहोचण्यास काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. त्याचप्रमाणे पाऊस परतला तरी विहीर लगेच भरत नाही, कारण तहानलेली माती पहिल्या सरी स्वतःच पिऊन टाकते.

कोरड्या प्रदेशात दुष्काळ भूजलावर दुहेरी आघात करतो. मातीची तहान भागल्यावर जे उरेल तेवढेच पाणी खाली झिरपत असल्यामुळे पाऊस एक तृतीयांशाने कमी झाला, तर पुनर्भरण त्याहून अधिक प्रमाणात घटते. नेमक्या त्याच वर्षी ओढे आणि तलाव कोरडे असल्याने सारा भार विहिरींवर पडतो. जमा घटते आणि खर्च वाढतो. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात याचा दारुण प्रत्यय आला. त्याच वर्षी राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली आणि कठीण बेसाल्ट खडकात विंधन विहिरी खोदण्याच्या कामाला वेग आला. पुढे त्याच विंधन विहिरींची संख्या इतकी वाढली की, दुष्काळावरील उपाय काही भागांत दुष्काळाचे कारण ठरला, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

गोव्यातील स्थिती याहून निराळी आहे आणि म्हणूनच ती स्वतंत्रपणे अभ्यासावयास हवी.

भरून वाहणारी घागर

गोव्यातील सुमारे ९० टक्के पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उरलेल्या आठ महिन्यांची तहान त्यातूनच भागवावयाची असते. जमिनीखालील जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडकाचा वा मातीचा थर, ही एक घागर मानली, तर गोव्याची घागर साधारणतः जुलै-ऑगस्टपर्यंत काठोकाठ भरते. त्यानंतर पडणारा पाऊस तिच्यावरून वाहून जातो. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्रापर्यंतचे अंतर फार तर साठ-सत्तर किलोमीटर. उतार तीव्र, नद्या आखूड. काठावरून सांडलेले पाणी पाहता पाहता मांडवी, शापोरा वा तेरेखोल या नद्यांतून खाडीला मिळते.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. एखाद्या वर्षी ३,००० ऐवजी ३,५०० मिलिमीटर पाऊस झाला, म्हणून पुढच्या मे महिन्यात विहिरीला अधिक पाणी असेलच असे नाही. अधिकचा पाऊस ऑगस्टच्या मुसळधारेत पडला असेल, तर त्याचा विहिरीला फारसा उपयोग नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या सरी चांगल्या झाल्या, तर घागर उशिरापर्यंत भरलेली राहते आणि रिती होण्यास उशिरा प्रारंभ होतो. दुसऱ्या टोकाला पावसाच्या आगमनाची तारीख असते. २०१९ आणि २०२३ या दोन्ही वर्षी मान्सून केरळात १ जूनऐवजी ८ जूनला दाखल झाला आणि गोव्यात त्याहून उशिरा पोहोचला. मृग कोरडा जाऊ लागला की गोव्यात पंधरा दिवसांचा विलंबही दुष्काळासारखा भासतो; कारण घागर तोवर तळाला गेलेली असते. वार्षिक सरासरीच्या तक्त्यात मात्र या पंधरा दिवसांची नोंद कोठेच उमटत नाही.

सडा आणि झर

ही घागर कशाची बनलेली आहे, हे पेडणे तालुक्यात चांगले पाहावयास मिळते. मोपे, वारखंड, नागझर, कासारवर्णे, हणखणे या परिसरात जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे आहेत. वरवर पाहता सडा म्हणजे ओसाड कातळ. पावसाळ्यात चार महिने गवत, एरवी काळाठिक्कर. त्यामुळे 'निरुपयोगी जमीन' अशी त्याची संभावना होत आली आहे. वस्तुतः जांभा हा सच्छिद्र दगड आहे. त्याच्या पोकळ्यांतून आणि भेगांतून पाणी खाली उतरते. जांभ्याखाली बहुधा मऊ, चिकण मातीचा थर असतो. या थरातून पाणी सहजी खाली जात नाही, म्हणून ते आडवे सरकू लागते आणि सड्याच्या कडेला, डोंगराच्या कुशीत झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. झर, तळी, पाट, त्याखालचे कुळागर आणि आणखी खाली वायंगणाची शेते, असा हा उतरता क्रम आहे. वायंगणाचे भातपीक हिवाळ्यात उभे राहते, ते सड्याने पावसाळ्यात पोटात घेतलेल्या पाण्यावर. नागझर या गावाच्या नावातच झर आहे. आपल्या पूर्वजांनी वस्ती कोठे केली, याचा शोध घेऊ पाहणाऱ्याने झऱ्यांचा नकाशा काढावा. बहुतेक जुनी मंदिरे आणि वाडे त्याच्या आसपासच सापडतील.

सड्याचे मोल आकड्यांत मांडणे अवघड नाही. एक हेक्टर सड्यावर वर्षभरात ३,००० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी ३०,००० घनमीटर, म्हणजे ३ कोटी लिटर होते. त्यातील केवळ एक दशांश भाग खाली मुरला असे धरून चालू. तो ३० लाख लिटर भरेल. ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाणी हे केंद्राच्या जलजीवन योजनेचे प्रमाण आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला त्यानुसार दिवसाला २७५ लिटर आणि फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांना ३३,००० लिटर पाणी लागते. म्हणजे एका हेक्टर 'ओसाड' कातळात सुमारे ९० कुटुंबांच्या उन्हाळ्याचे पाणी मुरते. हे सारे पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही. बराच भाग डिसेंबर-जानेवारीपर्यंतच झऱ्यांवाटे निघून जातो. तरीही निम्मे वा चतुर्थांश उरले, तरी हिशेब दुर्लक्षिण्याजोगा नाही.

मोपे येथील सड्यावर मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला असून ५ जानेवारी २०२३ पासून तेथून उड्डाणे सुरू झाली. या प्रकल्पाच्या पर्यावरणीय परवानगीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने परवानगी स्थगित केली आणि जानेवारी २०२० मध्ये देखरेखीच्या अटींसह ती स्थगिती उठविली. विमानतळ हवा की नको, हा या लेखाचा विषय नव्हे. तथापि सड्याचा जेवढा भाग डांबराखाली वा काँक्रीटखाली जातो, तेवढ्या भागावरचा पाऊस मुरण्याऐवजी गटारातून धावू लागतो, हे जलशास्त्राचे साधे तत्त्व आहे. तो पाऊस गोळा करून पुन्हा जांभ्यात सोडण्यासाठी शोषखड्डे आणि पाझर तळी बांधता येतात. मात्र त्यातील गाळ दरवर्षी पावसापूर्वी काढावा लागतो, अन्यथा दोन-तीन वर्षांत तळी उरतात आणि पाझर थांबतो. विमानतळाच्या आसपास वाढू लागलेल्या वसाहतींनाही हाच नियम लागू आहे, आणि त्यांवरील देखरेख ही अधिक कठीण बाब ठरणार आहे.

डिचोलीचे खड्डे

डिचोली तालुक्यात घागरीला वरून झाकण बसण्याऐवजी खालून छिद्र पडले. गोव्यातील लोहखनिज ज्या खडकांच्या गटात सापडते, त्याला भूवैज्ञानिकांनी डिचोलीचेच नाव दिले आहे. या भागातील खनिजाचा भुसभुशीत थर हा पाणी साठविणाराही थर आहे. खनिज आणि पाणी एकाच कोठारात असल्यामुळे एकाला हात लावताच दुसऱ्यालाही धक्का पोहोचतो.

खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की चहूबाजूंचे पाणी त्यात पाझरू लागते. काम चालू ठेवण्यासाठी ते पंपाने अहोरात्र उपसावे लागते. उपशाच्या जागेभोवती पाण्याची पातळी नरसाळ्याच्या आकारात खाली बसते. खड्ड्याजवळ ती सर्वाधिक खोल जाते आणि दूरवर हळूहळू पूर्ववत होते. ज्या विहिरी या नरसाळ्याच्या पोटात येतात, त्यांचा तळ कोरडा पडतो. त्या वर्षी पाऊस भरपूर झालेला असला तरीही हे घडते. श्री लईराई देवीच्या जत्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या शिरगाव येथे हेच घडले. गावालगतच्या खाणी खोल गेल्या, विहिरी आटल्या, शेतीचे पाणी तुटले आणि हा प्रश्न अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला. गावात नळ आला, टँकर आला; पण परसातील विहिरीवर उभे राहणारे घर दुसऱ्याच्या वेळापत्रकावर अवलंबून झाले. हा बदल पाणीपुरवठ्याच्या आकडेवारीत दिसत नसला, तरी घरातील बाईला तो रोज पहाटे जाणवतो.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले. २०१४ साली ते अटींवर खुले झाले. फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरून मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या. उपसा थांबल्यावर खड्डे पाण्याने भरले आणि त्यांची सरोवरे झाली. टंचाईच्या काळात या सरोवरांचे पाणी नदीत सोडून जलशुद्धीकरण प्रकल्पांना पुरविण्याचा मार्गही अवलंबिण्यात आला. २०२२ साली झालेल्या लिलावानंतर डिचोली तालुक्यात खाणकाम पुनश्च सुरू झाले आहे.

येथे एका गैरसमजाचे निराकरण होणे अगत्याचे आहे. खड्ड्यातील पाणी म्हणजे आयता सापडलेला वेगळा साठा, असे अनेकदा मानले जाते. ते तसे नाही. पावसाळ्यात थेट पडलेला पाऊस वगळता ते आजूबाजूच्या जमिनीतील पाणीच होय. खड्ड्यातील पातळी आणि शेजारच्या विहिरीतील पातळी यांचे नाते एकाच भांड्याच्या दोन तोंडांसारखे असते. मे महिन्यात शहरासाठी खड्डा उपसला, तर शेजारच्या वाडीची विहीर उतरते. खाणकामासाठी उपसला तरीही तीच उतरते. विहिरीला पंपाचा हेतू कळत नाही. यास्तव कोणत्याही खड्ड्याचे पाणी उचलण्यापूर्वी सभोवारच्या विहिरींची पातळी नोंदविणे, किती मीटरपर्यंत उपसा करावयाचा याची मर्यादा आखणे आणि ती मर्यादा गावाला लेखी कळविणे, ही किमान शिस्त होय. पाण्यातील लोह आणि मँगनीज यांची तपासणी तर पिण्याच्या पाण्यासाठी अपरिहार्यच आहे.

समुद्रकाठची विहीर

पेडण्याच्या किनारपट्टीवर, मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या गावांत, प्रश्न आणखी वेगळे रूप घेतो. रेताड जमिनीत गोडे पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते किंचित हलके असते. बाडॉन-गायबेन आणि हर्झबर्ग या दोन युरोपीय संशोधकांनी यासंबंधी जो नियम मांडला, त्यानुसार समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी मिळते. याची उलट बाजू अधिक महत्त्वाची आहे. उपशाने पातळी केवळ अर्धा मीटर उतरली, तर खालून खारे पाणी कालांतराने २० मीटर वर चढू शकते. एकदा विहीर खारी झाली की ती एका पावसाळ्यात गोडी होईल याची शाश्वती नसते. पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबर ते मे असा, म्हणजे नेमका पुनर्भरण नसलेल्या महिन्यांत येतो. हॉटेलांची मागणी आणि टँकरचा उपसा यांचा भार याच पातळ तरंगत्या थरावर पडतो. हरमल येथे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेले गोड्या पाण्याचे तळे पाहून प्रवासी आश्चर्य करतात. डोंगरातून येणारे झरे त्याला जिवंत ठेवतात. डोंगराची मुरण्याची शक्ती गेली, तर त्या आश्चर्याचाही शेवट होईल.

वार्षिक हिशेब आणि मे महिन्याचा हिशेब

केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यमापनात गोव्यातील तालुके 'सुरक्षित' या वर्गात मोडतात. वार्षिक उपशाचे उपलब्ध भूजलाशी प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक नसेल, तर तालुका सुरक्षित मानला जातो. हा वर्ग चुकीचा आहे असे नव्हे. वर्षभराच्या जमाखर्चात गोव्याची बाजू खरोखरीच भक्कम आहे. परंतु ज्याचा पगार जूनमध्ये एकरकमी मिळतो आणि खिसा फाटका आहे, त्याची वार्षिक मिळकत कितीही असली तरी मे महिन्यात तो उधारीवरच जगतो. तालुका ही पातळीही फार मोठी आहे. एकाच डिचोली तालुक्यात मये येथे भरलेला तलाव आणि काही कोसांवर आटलेली विहीर असू शकते. अधिकाऱ्यांनी 'सुरक्षित' हा शेरा वाचताना तो संपूर्ण तालुक्याचा आणि संपूर्ण वर्षाचा आहे, वाडीचा आणि मे महिन्याचा नाही, हे ध्यानी ठेवावे.

गोवा भूजल नियमन कायदा २००२ साली झाला. त्यानुसार विहिरींची नोंदणी, नव्या विहिरीसाठी पूर्वपरवानगी आणि भूजलाच्या वाहतुकीवर नियंत्रण अशा तरतुदी आहेत. परसातील विहीर ही आपली खाजगी बाब, अशी भावना असल्याने नोंदणीकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. पण नोंद नसलेल्या विहिरीचे पाणी शेजारच्या उपशाने आटले, तर मालकाला आपली हानी सिद्ध करणेही कठीण जाते.

ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा हे घरोघरी नळ असलेले देशातील पहिले प्रमाणित राज्य ठरले. ही निश्चितच मोठी उपलब्धी आहे. मात्र पेडणे, डिचोली आणि बार्देश यांच्या नळांचा मोठा भार तिळारीच्या पाण्यावर आहे. महाराष्ट्र व गोवा यांच्या १९९० च्या करारानुसार उभारलेल्या या प्रकल्पाचे धरण दोडामार्ग तालुक्यात आहे. चांदेल आणि अस्नोडा येथील जलशुद्धीकरण प्रकल्पांना त्याचा आधार मिळतो. कालवा फुटला वा दुरुस्तीसाठी बंद ठेवला की नळ कोरडे पडतात, आणि मग ज्या विहिरीत कचरा टाकला होता तिचीच आठवण होते. नळ आल्यावर विहीर बुजविणे हे म्हणूनच अदूरदर्शीपणाचे आहे.

शाळेने करावयाची मोजणी

केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. तालुक्याचे चित्र समजण्यास ते पुरेसे आहे, वाडीचे समजण्यास नाही. ही उणीव गावातील शाळा सहज भरून काढू शकते. त्यासाठी एक सुती दोरी, टोकाला बांधावयास लहान वजन, मोजपट्टी आणि एक वही एवढेच साहित्य लागते.

गावातील तीन विहिरी निवडाव्यात. एक सड्याच्या कडेची, एक वस्तीतील आणि एक शेताच्या वा खाडीच्या बाजूची. प्रत्येकीच्या कठड्यावर रंगाने खूण करावी. मोजणी नेहमी त्याच खुणेपासून करावयाची. कठड्याची जमिनीपासूनची उंची एकदाच मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहावी आणि प्रत्येक वेळी ती वजा करावी. वार ठरवून दर आठवड्यास, सकाळी पाणी काढण्यापूर्वी, दोरी सोडावी. रात्रभरात विहीर स्थिरावलेली असते, म्हणून ही वेळ महत्त्वाची आहे. मोजणीच्या वेळी मोठी माणसे सोबत असावीत, आणि कठडा नसलेली विहीर मुळीच निवडू नये.

विहिरीशेजारी, खड्ड्याशेजारी वा किनाऱ्याशेजारी शाळा असेल, तर आणखी दोन नोंदी उपयुक्त ठरतील. पंप बंद केल्यावर पाणी पूर्वीच्या पातळीवर येण्यास किती तास लागतात, हे महिन्यातून एकदा पाहावे. तास वाढत गेले, तर पातळी दिसावयास तीच असूनही झऱ्याचे बळ घटत आहे असे समजावे. किनाऱ्यावरील शाळांनी आरोग्य केंद्रामार्फत वा प्रयोगशाळेतून मार्च, एप्रिल आणि मे महिन्यांत क्लोराइडची तपासणी करून घ्यावी. चवीवर विसंबू नये. जिभेला खारटपणा जाणवेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

आलेल्या आकड्यांचा आलेख काढताना खोली खालच्या दिशेने दाखवावी, म्हणजे रेषा विहिरीतील पाण्यासारखीच चढेल आणि उतरेल. त्याच कागदावर दर आठवड्याचा पाऊस मांडावा. जुलैनंतर पाऊस पडतच असूनही रेषा वर चढावयाची थांबते, तो आठवडा मुलांनी शोधावा. घागर भरली ती तेव्हा. पाऊस थांबल्यावर पहिल्या दोन महिन्यांत रेषा किती झपाट्याने उतरते, हेही पाहावे. उतार तीव्र असेल, तर ओहोळावर दिवाळीनंतर लगेच बंधारा घातल्याने फरक पडतो. फेब्रुवारीत घातलेला बंधारा निघून गेलेले पाणी अडवू शकत नाही. तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की त्यांची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक जलसंपदा खात्याच्या कार्यालयात द्यावी. नव्या विंधन विहिरीचा, खड्ड्याच्या उपशाचा वा सड्यावरील बांधकामाचा अर्ज पुढे येईल, तेव्हा ग्रामसभेच्या हाती आठवणींऐवजी तारखेनिशी आकडे असतील.